१९१७ च्या नमुन्याचा हँगर पुन्हा उभारताना : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

मातीचा आणि गवताचा थर निघाला, जोतं मोकळं झालं. विटांच्या भिंतींचे खालचे थर बहुतेक ठिकाणी शाबूत आहेत. बाहेरच्या अंगाला ठरावीक अंतरावर आधारखांबांचे बुंधे सापडले. या नमुन्याच्या हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या शेडमध्ये) प्रत्येक कैची, म्हणजे छप्पर तोलणारा लाकडी सांगाडा, एकेका खांबाच्या डोक्यावर बसायची, त्यामुळे कैच्या किती होत्या आणि किती अंतरावर होत्या याचा हिशेब जमिनीतूनच मिळाला. आतली रुंदी ८० फूट, म्हणजे २४.४ मीटर.

नव्या स्वयंसेवकांसाठी थोडं लिहून ठेवतो. ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरने (तेव्हाच्या लष्करी हवाई दलाने) पहिल्या महायुद्धात 'जनरल सर्व्हिस शेड' नावाने जे पक्के हँगर बांधले, त्यातला हा एक. युद्धाच्या सुरुवातीला विमानं कापडी तंबूंत राहायची. लाकडी सांगाड्यावर ताडपत्री ताणलेला बेसोनो हँगर फ्रान्समधून आला होता आणि आघाडीवर सगळीकडे तोच दिसे. प्रशिक्षणासाठी मात्र कायमचे विमानतळ हवे झाले, आणि १९१७ मध्ये नेमकी लाकडाची आणि पोलादाची चणचण होती. जर्मन पाणबुड्यांमुळे जहाजं बुडत होती आणि स्प्रूसचं चांगलं लाकूड विमानांच्या पंखांसाठी राखून ठेवलं जात होतं. लहान मापाच्या, आखूड लाकडांतून ८० फुटांचा गाळा झाकायचा होता, आणि त्यासाठी बेलफास्टमध्ये १८६० च्या दशकापासून बनत आलेली जाळीची कैची कामी आली.

२० जानेवारी

बैठक. एकच विषय: पुरावा कुठपर्यंत पुरतो. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचं नववं कलम म्हणतं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आपण जीर्णोद्धाराच्याही पुढे जाऊन पुनर्बांधणी करतो आहोत, म्हणून हे कलम आपल्याला जास्तच लागू आहे असं माझं मत. ठरलं ते असं: प्रत्येक भागाची नोंद तीन रंगांत ठेवायची. हिरवा म्हणजे मूळ भाग, निळा म्हणजे मोजमाप किंवा छायाचित्र हाताशी असलेला, तांबडा म्हणजे सुरक्षेसाठी घातलेला नवा भाग. चौथा रंग नाही. ज्याला या तिन्हींतला एकही रंग देता येत नाही तो भाग बांधायचा नाही.

दक्षिणेच्या भिंतीला लागून कार्यालयाच्या खोल्या घालाव्यात असं दोघांचं म्हणणं आहे, कारण इतर विमानतळांवर तशा दिसतात. इतर ठिकाणी दिसतात हा आपल्या इमारतीचा पुरावा होत नाही. विषय स्थगित.

९ फेब्रुवारी

छायाचित्रांवर काम. हाताशी दोनच चांगली आहेत. पहिलं दर्शनी बाजूचं, जवळजवळ समोरून घेतलेलं. दुसरं तिरपं, आणि त्यात उघड्या दारापुढे अ‍ॅव्ह्रो ५०४ उभं आहे.

या विमानाच्या पंखांचा पसारा ३६ फूट. ते माप धरून दाराची उंची काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण विमान दाराच्या पुढे उभं आहे, कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून ते दाराच्या मानाने मोठं दिसतं. ते माप तसंच वापरलं तर दार ठेंगणं निघतं. त्यापेक्षा विटा बऱ्या. जोत्यात उरलेल्या भिंतीत विटांचे चार थर सांध्यांसह बरोबर १२ इंच भरतात. समोरच्या छायाचित्रात कोपऱ्याच्या खांबावर थर स्वच्छ मोजता येतात. भिंग घेऊन दोघांनी वेगवेगळे मोजले, आकडे जुळले, भिंतीची उंची हाती आली. या मापाला कॅमेऱ्याच्या अंतराचा त्रास नाही.

त्याच छायाचित्रात छपराच्या कमानीची उंची रुंदीच्या एक अष्टमांश भरते. रुंदी ८०, तर उंची १०. मग वर्तुळाची त्रिज्या: अर्ध्या रुंदीचा वर्ग १६००, उंचीचा वर्ग १००, बेरीज १७००, भागिले २०. उत्तर ८५ फूट. इतका स्वच्छ आकडा आला की समाधान वाटलं, कारण सुताराला दोरीने जमिनीवर आखायला असंच माप लागतं, आणि मूळ नकाशा काढणारा माणूस हे जाणत असणार.

१६ फेब्रुवारी

आवाराच्या कडेच्या जुन्या गोठ्यात छपराला आधार म्हणून लावलेला एक तुकडा आपल्याच हँगरच्या कैचीचा निघाला. वरच्या कमानीचा भाग. सुटं झालेलं लाकूड हळूहळू सरळ होतं, त्यामुळे त्याच्या बाकावरून त्रिज्या काढण्यात अर्थ नाही. खरा ऐवज त्याच्या आतल्या बाजूला आहे. जिथे जाळीच्या पट्ट्या खिळ्यांनी जोडलेल्या होत्या तिथे लाकूड फिकट राहिलंय आणि दोन्ही बाजूंचं काळवंडलंय. त्या फिकट पट्ट्यांवरून पट्ट्यांची रुंदी, त्यांच्यातलं अंतर आणि तिरपा कोन, तिन्ही मिळालं. खिळ्यांची भोकं गोल आहेत, म्हणजे तारेचे खिळे. एका भोकाजवळ वाकवलेल्या टोकाचा व्रण आहे, लाकडाच्या रेषेला आडवा. खिळा आरपार काढून मागून वळवत असत, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

तुकडा हिरव्या यादीत. तो छपरात पुन्हा बसवायचा नाही, प्रदर्शनात ठेवायचा.

३ मार्च

इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या जुन्या विमानतळावर जाऊन आलो. तिथले १९१७–१८ चे हँगर अजून वापरात आहेत, त्यामुळे कैची कशी जुळवली होती ते डोळ्यांनी बघता येतं. तिथला एक हँगर १९६८ मध्ये एका युद्धपटाच्या चित्रीकरणासाठी स्फोटकांनी उडवून दिला. पन्नास वर्षं उभी राहिलेली वास्तू अशी गेली हे वाचूनच कसंतरी होतं. चेशरमधल्या हूटन पार्कलाही याच कैचीचे हँगर आहेत, १९१७ चे.

एक गोष्ट तिथे उभं राहूनच समजली. खालून वर पाहिलं की जाळी टोपलीच्या विणीसारखी दिसते आणि सगळा भार तीच पेलते असं वाटतं. प्रत्यक्षात छपराचं एकसारखं वजन वरची कमान दाबात घेते आणि खालची ताणपट्टी कमानीची दोन्ही टोकं धरून ठेवते. जाळीचं खरं काम एका बाजूने वारा आला किंवा एकाच बाजूला बर्फ साठला की सुरू होतं. आणि ताणपट्टी टोकं धरून ठेवते म्हणूनच भिंतींना बाहेर रेटा बसत नाही. एवढ्या बारीक भिंती आणि एवढे सडपातळ खांब चालले ते यामुळे.

१८ मार्च

लाकूड आलं. आर्द्रतामापकाने २४ टक्के दाखवली. जुळणी इतक्यात नाही. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र आटतं, आणि खिळ्यांनी जोडलेल्या जाळीत पट्टी आटली की खिळ्याभोवती सैलपणा येतो. कैचीत शेकडो सांधे आहेत, प्रत्येकात केसाएवढी ढील आली तरी मध्यभागी छप्पर उतरलेलं दिसेल. छपराखाली, पट्ट्यांत हवा खेळेल अशी रचून ठेवली. १८ च्या खाली आल्याशिवाय हातोडा नाही.

गाठी असलेल्या फळ्या मुख्य सुतारांनी वेगळ्या काढल्या. ताणपट्टीत गाठ नको. छपराच्या फळ्यांत चालेल.

१४ एप्रिल

कार्यशाळेच्या जमिनीवर पूर्ण मापाची कैची आखली. ८५ फुटांची त्रिज्या कार्यशाळेत मावत नाही, म्हणून ताणपट्टीच्या रेषेवर दर दोन फुटांवर लंब काढून उंच्या मोजल्या आणि लवचीक पट्टीने बिंदू जोडले. वर ६० मिमीची जादा उचल दिली. खिळ्यांचे सांधे भार आल्यावर थोडे सरकतातच. ते सरकून झाल्यावर ताणपट्टी सरळ दिसायला हवी, म्हणून ती आधी किंचित वर फुगवायची.

आखणीवर लाकडी ठोकळे ठोकून साचा तयार. कमानीची फळी वाफवायची गरज नाही. एवढ्या मोठ्या त्रिज्येला इंचभर जाडीची फळी हातानेच वळते, दोघे रेटतात आणि तिसरा ठोकळ्याशी पाचर मारतो.

२ मे

पहिली कैची. खरी मेहनत खिळे वळवण्यात आहे. एकजण मारतो, खाली दुसरा लोखंडी ठोकळा धरतो. खिळ्याचं टोक ठोकळ्यावर आदळलं की आपोआप वळायला लागतं, मग ते लाकडाच्या रेषेला आडवं दाबून बसवायचं. रेषेच्या दिशेने वळवलं तर टोक रेषेत शिरतं आणि पकड कमी होते. पट्टीच्या टोकाजवळ आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर तड जाते. दोन खिळे एका रेषेवर नकोत.

मुख्य सुतार नव्या मुलाला सांगत होते, "आधी ठोकळा धरला का बघ, मग मार. आवाजावरून कळतं. बद् वाजलं तर खाली कोणी नाही, ठण् वाजलं तर बसला."

दुपारनंतर मी आखणीकडे पाठ करून नुसता आवाज ऐकत होतो. ते म्हणतात ते खरं आहे.

ताणपट्टी दुहेरी आहे, जाळी मधे. दोन्ही फळ्यांचे सांधे एकमेकांसमोर येऊ दिलेले नाहीत.

२३ मे

भारचाचणी. कैची दोन टोकांवर टेकवून, आडवी कलू नये म्हणून बाजूने धरून, वर वाळूच्या पिशव्या. अभियंत्या बाईंनी बर्फाचा आणि छपराचा मिळून जो भार काढला होता तेवढा टप्प्याटप्प्याने चढवला. मध्यभागी दोरीपासून मोजलं: पूर्ण भाराला २६ मिमी खाली. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी आणखी ३. पिशव्या उतरवल्यावर २० मिमी परत वर आली, ९ मिमी राहिले. हे ९ मिमी म्हणजे सांधे बसल्याचे. दुसऱ्यांदा भार दिला तेव्हा ती जवळजवळ पूर्ण परत आली. बाई खूश. ६० मिमीची उचल पुरेल.

एकही सांधा उघडला नाही. लाकूड एकदाच कुरकुरलं, दुसऱ्या टप्प्यावर, त्यानंतर गप्प.

११ जून

वाऱ्याने छप्पर उचललं जाऊ नये म्हणून घालायच्या सळ्यांवरून बराच वाद. छप्पर हलकं, आकार कमानी, दोन्ही टोकांना अजस्र दारं. दार उघडं असताना वारा आत शिरला की तो छपराला आतून ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याच छपराला ओढतो. दोन्ही जोर एकाच दिशेने, वर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. जुन्या बांधणीत कैची खांबाच्या माथ्याला आखूड बोल्टांनी धरलेली, म्हणजे वरच्या काही थरांचं वजन एवढाच आधार.

आजच्या नियमांत ते बसत नाही आणि बसू नये. लोक आत असणार आहेत. प्रत्येक खांबाच्या पोटातून पायापर्यंत गंजरोधक पोलादी सळी जाणार, माथ्यावर पट्टीने कैची धरणार. बाहेरून काही दिसणार नाही. मुख्य सुतारांचा आक्षेप दिसण्याबद्दल नव्हताच. ते म्हणाले, "लपवून ठेवलं तर पन्नास वर्षांनी येणारा माणूस समजेल की १९१७ लाही असंच होतं." म्हणून तांबड्या यादीत प्रत्येक सळीची जागा, खांब बंद करण्याआधीचं छायाचित्र, आणि एका खांबाच्या माथ्यावर काढता येणारं झाकण. हे त्यांना पटलं. मलाही हाच मार्ग सरळ वाटतो.

३० जून

दक्षिणेला चर खणताना विटांचा अरुंद पाया लागला. कार्यालयाच्या खोल्यांचा विषय परत आला, या वेळी पुराव्यासकट. पण हा पुरावा फक्त तळाचा आहे. भिंत किती उंच, छप्पर कुठल्या उताराचं, खिडक्या कुठे, दार कुठल्या बाजूला, काहीच नाही. दोन्ही छायाचित्रं उत्तरेच्या अंगाने घेतलेली. निर्णय: पाया उघडा ठेवायचा, कडेने निचरा करायचा, वर काही बांधायचं नाही. येणाऱ्याला खोल्या होत्या हे कळेल.

८ ऑगस्ट

भिंती पुऱ्या. माथ्यावर बसकणीच्या लाकडी तुळया, पाणसळ लावून समतल केल्या.

१९ ऑगस्ट

कैच्या चढवल्या. पहाटे वारा पडलेला असताना सुरुवात.

कैची उभ्या पातळीत भक्कम असते, आडवी मात्र अगदी लेची. एकटी उचलली की पात्यासारखी वाकते. म्हणून पहिल्या दोन कैच्या जमिनीवरच उभ्या करून, मधे परलिन (कैच्यांना जोडणाऱ्या छपराच्या आडव्या पट्ट्या) आणि तिरपे टेकू ठोकून, एकच खोका करून उचलल्या. क्रेनच्या हुकाखाली लांब आडवी तुळई आणि तिच्यातून चार पट्टे, म्हणजे कमानीला आतून चिमटा बसत नाही. दोन टोकांना दोर धरून माणसं. खोका माथ्यावर टेकला, ओळंबा लावला, बोल्ट पडले. नंतरच्या कैच्या एकेक करून, प्रत्येक आधीच्या जोडीला लगेच बांधत.

काही जणांना हे सगळं जुन्या पद्धतीने, लाकडी डेरिक (ओझं उचलायचा उभा खांब) आणि कप्प्यांनी करायचं होतं. जुनी पद्धत दाखवणं हेच या संग्रहालयाचं काम आहे. १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन उघडलं तेव्हापासून अशा खुल्या संग्रहालयांची भिस्त घडताना दाखवण्यावर आहे. पण २४ मीटरच्या कैचीखाली माणसं उभी करून ते दाखवायचं नाही. कप्प्या-दोरखंडाने दाराचे पल्ले उभे करू, तिथे पडलं तरी जमिनीवर पडेल.

प्रत्येक नव्या कैचीच्या ताणपट्टीवर, वरच्या बाजूला, चालू वर्ष डागून ठेवलंय. खालून दिसत नाही. शिडी लावणाऱ्याला दिसेल.

१२ सप्टेंबर

छपराच्या फळ्या आणि डांबरी फेल्ट झालं. ईशान्य कोपरा एका सरीत ठिबकला, फेल्टचा सांधा पुन्हा गरम करून दाबला.

२५ सप्टेंबर

दारांचा रंग. तिरप्या छायाचित्रात दारं जवळजवळ काळी दिसतात आणि सगळे काळा रंग गृहीत धरून चालले होते. त्या काळातल्या छायाचित्रणाच्या बहुतेक काचा निळ्या प्रकाशाला भरपूर दाद देत आणि लाल प्रकाशाला जवळपास देतच नसत, त्यामुळे लाल वस्तू काळी उमटे आणि निळी फिकट. पडताळा त्याच चित्रात आहे: अ‍ॅव्ह्रोच्या अंगावरचं वर्तुळचिन्ह. बाहेरचं कडं निळं असायला हवं, ते फिकट राखाडी दिसतं. मधला ठिपका लाल असायला हवा, तो काळा दिसतो, अगदी दारांइतका काळा.

म्हणजे दारं काळी असू शकतात, लालही असू शकतात. निकाल छायाचित्र देणार नव्हतं. तो रुळाच्या खाचेतून निघालेल्या दाराच्या चौकटीच्या तुकड्याने दिला. रंगाची खपली आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली: वर राखाडी, त्याखाली हिरवा, त्याखाली मळाची बारीक रेघ, आणि लाकडाला चिकटून लोखंडी ऑक्साइडचा तांबूस-तपकिरी. मळाची रेघ महत्त्वाची, कारण ती सांगते की तांबूस थर उघड्यावर वापरात होता, तो नुसता अस्तराचा हात नव्हता. दारं तांबूस. निळी यादी. (जुन्या थरांत शिसं निघालं, तुकडा हातमोज्यांशिवाय हाताळू नये.)

१० ऑक्टोबर

पल्ले उभे. भिंतीच्या बाहेर दोन्ही बाजूंना लाकडी घोडे काढलेत, दार उघडलं की पल्ले सरकून तिथे जातात आणि पूर्ण ८० फुटांचा दर्शनी भाग मोकळा होतो. आणीबाणीत बाहेर पडायची वाट एका पल्ल्यातल्या दिंडी दरवाजातून. दिंडी छायाचित्रात आहेच, आम्ही तिला फक्त बाहेर उघडणारी बिजागरी आणि आतून ढकलली की सुटणारी कडी दिली. रूळ जमिनीच्या पातळीत बुडवलेत, चाकाची खुर्ची अडत नाही.

पंखांच्या कापडाला डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) लावण्याचं प्रात्यक्षिक आत करू नये, असं लिहून दिलं. सेल्युलोजचा डोप भुरकन पेटतो. शिवाय महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत डोपमधल्या टेट्राक्लोरोइथेनमुळे यकृत निकामी होऊन कारखान्यांतले कामगार दगावले होते, ही गोष्ट प्रेक्षकांना सांगायलाच हवी. आत कापड शिवणं दाखवू. त्यात सांगण्यासारखं भरपूर आहे.

४ नोव्हेंबर

अ‍ॅव्ह्रो ५०४ के ची प्रतिकृती आत घेतली. शेपटीखाली ढकलगाडी, दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेकजण, दोघे खालच्या पंखाच्या मुळाशी. विमानाला ब्रेक नाहीत, म्हणून पुढे एक माणूस पाचर घेऊन चालतो. उंची १० फूट ५ इंच, वर भरपूर जागा. चाकांखाली फरशीवर लगेच एरंडेलाचा थेंब पडला. रोटरी इंजिनात हेच तेल घालतात, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, आणि वापरलेलं तेल सरळ बाहेर फेकलं जातं. फरशीवर डाग पडणारच, ते पुसायचे नाहीत असं ठरलंय. घसरगुंडी होऊ नये म्हणून प्रेक्षकांच्या वाटेवर मात्र भुसा.

तिन्ही याद्या छापून कार्यालयात ठेवल्या, तांबडी सर्वांत लांब. उत्तरेच्या दाराचा तिसरा पल्ला दमट हवेत घासतो, पण रंधा आत्ता मारायचा नाही, कोरड्या दिवसांत तो आटला की फट पडेल. ताणपट्ट्यांच्या मध्यावर खुणेचे खिळे ठोकलेत आणि आजची पातळी लिहून ठेवली आहे. पुढची मोजणी पहिल्या मोठ्या बर्फानंतर.